पकडणं सोपं, सोडणं महाग

कार्बन डायऑक्साइड पकडायला नवीन काही शोधावं लागत नाही. कळीचा चुना उघड्यावर ठेवला तरी काम होतं. हवेतली ओल पिऊन तो आधी विरतो आणि मग हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत घेत पुन्हा चुनखडी होतो. महाराष्ट्रातले जुने वाडे, किल्ल्यांचे तट आणि विहिरींची बांधकामं ज्या चुन्यानं सांधली गेली, तो चुना असाच हवा खाऊन दगड झाला. चुनखडी भाजताना तिच्यातून उडून गेलेला वायू भिंतीनं पुढच्या कित्येक वर्षांत सावकाश परत घेतला.

मग जगभरच्या प्रयोगशाळा या वायूच्या मागे का लागल्या आहेत? कारण खरा खर्च भट्टीत होतो. शंभर किलो चुनखडी भाजली की छप्पन्न किलो चुना हाती येतो आणि चव्वेचाळीस किलो कार्बन डायऑक्साइड निघून जातो. पण तो निघावा म्हणून भट्टी नऊशे अंश सेल्सियसच्या आसपास तापवावी लागते आणि मोलमागे, म्हणजे दर चव्वेचाळीस ग्रॅम वायूमागे, १७८ किलोज्यूल ऊर्जा मोजावी लागते. वर ती ऊर्जा कोळसा जाळून आणली तर त्या कोळशाचा धूर वेगळाच. विजेच्या कारखान्याच्या धुराड्यातला वायू चुन्यानं पकडता येईल, पण पुढं काय? चुना एकदाच वापरून फेकायचा असेल तर तो करतानाच तेवढा वायू हवेत गेलेला असतो. पुन्हा पुन्हा वापरायचा असेल तर प्रत्येक वेळी पकडलेला वायू सोडवायला हवा. या विषयातला प्रत्येक प्रश्न, मग तो कारखान्याचा असो की क्वांटम यांत्रिकीचा, शेवटी इथंच येऊन पोचतो. म्हणून या पुस्तकात पकडण्याइतकीच, किंबहुना जास्त, जागा सोडण्याला दिली आहे.

वायू आणि घन पदार्थ यांची गाठ दोन प्रकारे पडू शकते. एक म्हणजे वायू आतपर्यंत मुरतो आणि घन पदार्थच बदलून जातो; चुन्याची चुनखडी होते ती अशी. दुसरी म्हणजे वायू नुसता पृष्ठभागावर बसतो आणि आतला पदार्थ जसाच्या तसा राहतो. या दुसऱ्या प्रकाराला अधिशोषण म्हणतात, आणि पुस्तकाचा भर त्यावर आहे. दोन्हींतला फरक आकड्यांत पाहिला की डोळे उघडतात. एक ग्रॅम मॅग्नेशियम ऑक्साइडचं पूर्णपणे कार्बोनेट झालं तर त्यात सुमारे १.०९ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड मावतो. आता तीच भुकटी चांगली सच्छिद्र आहे, एका ग्रॅममध्ये शंभर चौरस मीटर पृष्ठभाग आहे असं धरू. त्या पृष्ठभागावरच्या मॅग्नेशियम-ऑक्सिजनच्या प्रत्येक जोडीवर एकेक रेणू बसवला, जे प्रत्यक्षात कधीच होत नाही, तरी बेरीज ०.०८ ग्रॅमच्या आतबाहेरच राहते. क्षमतेत पृष्ठभाग असा सपशेल हरतो. त्याचा फायदा दुसरीकडे आहे: तिथं बसलेला रेणू थोडक्या उष्णतेत उठवता येतो, किंवा उठण्याआधी त्याच्याकडून दुसरं काही करवून घेता येतं. मिथेनॉलचा कारखाना चालतो तो या दुसऱ्या शक्यतेवर.

गंमत म्हणजे हा वायू माणसाला नीट कळला तोच मुळी ऑक्साइडशी असलेल्या त्याच्या नात्यातून. एडिंबरोमध्ये जोसेफ ब्लॅक हा तरुण वैद्यकाचा विद्यार्थी मूतखड्यावर औषध शोधत होता. त्या काळी त्यावर कळीच्या चुन्याची दाहक औषधं देत. ब्लॅकला काही सौम्य हवं होतं, म्हणून त्यानं मॅग्नेशिया आल्बा ही पांढरी भुकटी हाती घेतली. आजच्या भाषेत ती मॅग्नेशियमचं एक कार्बोनेट. औषध काही हाती लागलं नाही. पण भुकटी तापवली की तिचं वजन घटतं, आणि घटलेलं वजन तिच्यात अडकून पडलेल्या एका वायूचं असतं, हे त्यानं तराजूवर तोलून दाखवलं. प्रबंध १७५४ सालचा, सविस्तर लेख १७५६ चा. चुन्याची निवळी या वायूनं दुधाळ होते, हे आपण शाळेत नळीनं फुंकून बघतो, त्यामागेही ब्लॅकचंच काम आहे.

आता खुद्द रेणूकडे वळू. मधोमध कार्बन, दोन बाजूंना ऑक्सिजन, तिघं एका सरळ रेषेत. कार्बन आणि ऑक्सिजनमधलं अंतर १.१६ अँगस्ट्रॉम, आणि त्यांच्यातला प्रत्येक बंध मोलमागे आठशे किलोज्यूलच्या घरातला. लाकूड, पेट्रोल, कोळसा, पोटातलं अन्न, काहीही जाळा. शेवटी कार्बन याच रूपात उरतो. ऊर्जेच्या उतारावर याच्याखाली फारसं काही नाही, कार्बोनेट सोडलं तर. आयता इलेक्ट्रॉन दिला तरी मोकळा रेणू तो आनंदानं घेत नाही. घेतलाच तर तो फार काळ टिकवू शकत नाही. अशा रेणूकडून काम करून घ्यायचं म्हणजे कठीणच.

तरी त्याची एक बाजू उघडी आहे. दोन्ही ऑक्सिजन इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढतात, त्यामुळे मधला कार्बन उघडा पडतो. ज्याच्याकडे इलेक्ट्रॉनांची सढळ जोडी आहे असा कोणी शेजारी भेटला की तो थेट या कार्बनला भिडतो. त्या क्षणी रेणू वाकतो. सरळ रेषेतला १८० अंशांचा कोन उतरून १३० ते १४० च्या आसपास येतो, आणि मग तो पूर्वीचा राहत नाही. पुढच्या प्रकरणांत जागोजागी ‘वाकलेला रेणू’ असा उल्लेख येईल तो यासाठी. पृष्ठभागावर रेणू सरळच बसला असेल तर समजावं, ओळख वरवरची आहे, किंचित तापवलं की तो निघून जाईल. वाकला असेल तर प्रकरण पुढं गेलेलं आहे.

हा सढळ शेजारी म्हणजे ऑक्साइडमधला ऑक्सिजन. रसायनशास्त्राच्या पहिल्या वर्षाला शिकवतात की मॅग्नेशियम ऑक्साइडमध्ये ऑक्सिजनवर दोन ऋण प्रभार असतात. जे बहुधा सांगायचं राहून जातं ते हे की दोन ऋण प्रभारांचा ऑक्सिजन मोकळा कुठंच टिकत नाही. दुसरा इलेक्ट्रॉन तो लगेच टाकून देतो. स्फटिकात तो टिकतो, कारण चहूबाजूंनी धन प्रभारांच्या सहा मॅग्नेशियमनी त्याला वेढलेलं असतं आणि त्यांच्या ओढीमुळे इलेक्ट्रॉन जागेवर राहतात. आता स्फटिक कापा. सपाट पृष्ठभागावरच्या ऑक्सिजनला सहाऐवजी पाच शेजारी उरतात. पायरीच्या कडेवर चार, आणि कोपऱ्यावर तीनच. शेजारी जितके कमी तितकी इलेक्ट्रॉनांवरची पकड सैल, आणि तितकाच तो ऑक्सिजन आपले इलेक्ट्रॉन कार्बनला द्यायला उतावीळ.

म्हणून एकाच पदार्थाच्या एकाच दाण्यावर कार्बन डायऑक्साइडची वागणूक जागेगणिक बदलते. मॅग्नेशियमची फीत हवेत जाळली की जो पांढरा धूर होतो तो बारीक, जवळजवळ निर्दोष घनाकृती स्फटिकांचा असतो. त्यांच्या सपाट पाठींवर कार्बन डायऑक्साइडला फारशी पकड मिळत नाही. कडाक्याच्या थंडीत बसतो आणि थंडी ओसरायच्या आत उडून जातो. तोच मॅग्नेशियम ऑक्साइड हायड्रॉक्साइड तापवून केला तर दाणे खडबडीत निघतात, कडाकोपऱ्यांनी भरलेले. त्यांच्यावरचा वायू पूर्ण निघायला चारशे अंश सेल्सियस आणि त्याहून जास्त तापमान लागतं. बाटलीवरचं नाव तेच, सूत्र तेच, शुद्धताही तीच. मला विचाराल तर या विषयातली अर्धी भांडणं यातूनच उद्भवली आहेत. एका गटानं म्हणायचं रेणू घट्ट बसतो, दुसऱ्यानं म्हणायचं बसतच नाही, आणि दोघांच्या बाटल्यांवर एकच नाव.

शेजारचंच उदाहरण कॅल्शियम ऑक्साइडचं. अणूंची मांडणी अगदी तीच, मिठाच्या स्फटिकातली. फरक एवढाच की कॅल्शियमचा आयन मोठा असल्यामुळे सगळी रचना थोडी सैलावते. स्फटिकाच्या एकक पेशीची बाजू मॅग्नेशियम ऑक्साइडमध्ये ४.२१ अँगस्ट्रॉम, कॅल्शियम ऑक्साइडमध्ये ४.८१. एवढ्या सैलपणानं ऑक्सिजनवरची धन प्रभारांची ओढ घटते, आणि परिणाम असा की इथं कडाकोपऱ्यांची वाट बघावी लागत नाही. सपाट पृष्ठभागावरसुद्धा कार्बन डायऑक्साइड वाकतो, पृष्ठभागाच्या ऑक्सिजनला जोडून घेऊन कार्बोनेट होतो, आणि मोलमागे शंभर किलोज्यूलहून जास्त उष्णता बाहेर पडते. स्ट्रॉन्शियम आणि बेरियम याच ओळीत पुढचे, आणखी आम्लारिधर्मी. अर्ध्या अँगस्ट्रॉमहून थोड्या जास्त फरकानं एक ऑक्साइड उदासीन आणि दुसरा अधाशी व्हावा, हे मला अजूनही या विषयातलं सर्वांत देखणं सत्य वाटतं. त्याला स्वतंत्र प्रकरण दिलं आहे, कदाचित गरजेपेक्षा लांब.

हे सगळं कळलं कसं, हा प्रश्न सुज्ञ वाचक विचारेलच. पृष्ठभाग अभ्यासायचा तर आधी तो स्वच्छ हवा, आणि स्वच्छ ठेवणं हेच दिव्य. आयर्विंग लँगम्युअर या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाच्या नावानं एक माप आहे. दाब एका टॉरच्या दहा लाखाव्या भागाइतका असला तर पृष्ठभागावरच्या प्रत्येक अणूवर साधारण एका सेकंदात एक रेणू येऊन आदळतो. आपल्या भोवतालच्या हवेचा दाब ७६० टॉर. म्हणजे उघड्या हवेत ठेवलेल्या स्फटिकाच्या प्रत्येक अणूवर सेकंदाला कोट्यवधी टकरा होत असतात. दाब एका टॉरच्या हजार कोटीव्या भागापर्यंत उतरवला तर मात्र अडीच-तीन तास मिळतात. तेवढ्या वेळात प्रयोग उरकायचा.

असा एक प्रयोग जवळून पाहू. टायटॅनियम डायऑक्साइडचा, रुटाइल प्रकारातला, नखाएवढा स्फटिक घेतात. मुळात तो फिकट, पारदर्शक असतो. निर्वातात बराच तापवला की तो निळा पडतो, कारण काही ऑक्सिजन उडून गेलेले असतात आणि त्यांचे इलेक्ट्रॉन मागे राहिलेले असतात. पृष्ठभागावर आता दोन प्रकारच्या जागा आहेत: उघडे टायटॅनियम, आणि ऑक्सिजन गेल्यामुळे रिकाम्या झालेल्या जागा. स्फटिक शंभर केल्विनच्या आसपास थंड करून त्यावर मोजका कार्बन डायऑक्साइड सोडतात. मग एका ठराविक वेगानं, सेकंदाला एक-दोन अंश असं, तापवत जातात आणि समोर ठेवलेला वस्तुमानमापक ४४ या आकड्यावर डोळा ठेवून बसतो. कागदावर, आता पडद्यावर, आलेख उमटतो. एकशे चाळीस केल्विनच्या आसपास पहिला मोठा उंचवटा: उघड्या टायटॅनियमवरचे रेणू सुटले. त्याच्या पंचवीस-तीस अंश पुढं दुसरा लहान उंचवटा: रिकाम्या जागांमधले सुटले. तापमानाला ढोबळमानानं चारानं भागलं की बंधाची ताकद किलोज्यूलमध्ये मिळते. एकशे चाळीसला भागा, पस्तीस येतात. चुनखडीचे १७८ कुठे आणि हे पस्तीस कुठे!

या आलेखात एक निराशाही दडलेली आहे. रिकाम्या जागेला ऑक्सिजन हवा असतो आणि रेणूपाशी दोन असतात. देवाणघेवाण व्हावी, रेणू तुटून कार्बन मोनॉक्साइड निघावा, अशी अपेक्षा. पण रुटाइलच्या या पृष्ठभागावर, या थंडीत, बहुतेक सगळा कार्बन डायऑक्साइड जसा आला तसाच निघून जातो.

दुसरं साधन अवरक्त वर्णपट. मोकळ्या रेणूचं मुख्य कंपन २३४९ तरंगांकाला दिसतं. सरळ बसलेला रेणू त्याच्या आसपासच राहतो. कार्बोनेट झालं की ही रेघ नाहीशी होते आणि १३०० ते १७०० च्या पट्ट्यात नव्या रेघांची जोडी उगवते. जोडीतलं अंतर शंभराच्या आसपास असेल तर कार्बोनेट एका पायावर उभं आहे, तीनशेच्या आसपास असेल तर दोन पाय टेकले आहेत, असा एक ठोकताळा आहे. तो उपयोगाचा आहे, पण त्याच्यावर फार भार टाकू नये. खऱ्या भुकटीवर चार प्रकारची कार्बोनेटं एकदम असतात आणि रेघा एकमेकींवर चढलेल्या असतात. शोधनिबंधात प्रत्येक रेघेवर बाण काढून नाव लिहिलेलं दिसलं की मी जरा सावध होतो.

आणि मग पाणी. निर्वातातल्या स्वच्छ स्फटिकाबद्दल वर लिहिलेलं सगळं खरं असूनही धुराड्यात, भिंतीत किंवा जमिनीत पृष्ठभाग कोरडा कधीच नसतो. ऑक्साइडला हवेतलं पाणी भेटलं की त्याच्या अंगावर हायड्रॉक्सिल गटांचा थर चढतो, आणि कार्बन डायऑक्साइडला भेटतो तो हा थर. ॲल्युमिनावर तर बायकार्बोनेटच आधी तयार होतं. १२३० तरंगांकाजवळची एक रेघ त्याची खूण. पाणी कधी अडथळा होतं, चांगल्या जागा स्वतःच बळकावून बसतं. कधी त्याच्यावाचून काहीच होत नाही. अगदी कोरडा चुना आणि अगदी कोरडा वायू साध्या तापमानाला एकत्र ठेवा, पृष्ठभागापलीकडे ढिम्म हलणार नाहीत. चुन्याचं काम जाणणारे गवंडी गिलाव्यावर दिवसचे दिवस पाणी का मारतात ते इथं कळतं. ओलाव्याच्या पातळ पापुद्र्यात वायू विरघळतो, चुनाही विरघळतो, आणि गाठ तिथं पडते. भिंत पार भिजवून ठेवली तरी मात्र काम बिघडतं, कारण छिद्रं पाण्यानं बुजली की वायूला आत शिरायला वाट राहत नाही.

आता अभिक्रियेकडे, म्हणजे रेणूला सोडताना तो बदलून सोडण्याकडे. रुटाइलनं केलेली निराशा सिरियम ऑक्साइड भरून काढतो. सिरियमला चार आणि तीन अशा दोन प्रभारांत ये-जा करणं सोपं जातं, त्यामुळे तो ऑक्सिजन सहज सोडतो आणि सहज घेतो. आरशांनी एकवटलेल्या उन्हात तो पंधराशे अंशांपर्यंत तापवला की थोडा ऑक्सिजन बाहेर पडतो. मग तापमान बरंच उतरवून त्यावरून कार्बन डायऑक्साइड नेला तर रिकाम्या जागा त्याच्याकडून ऑक्सिजन काढून घेतात आणि कार्बन मोनॉक्साइड बाहेर येतो. कॅलिफोर्निया आणि झुरिचच्या गटांनी २०१० मध्ये हे करून दाखवलं. रसायनशास्त्र सुरेख आहे. पंधराशे अंशांना टिकणारी भांडी हा त्याचा खरा शत्रू.

सर्वांत मोठ्या प्रमाणावर चालणारी गोष्ट मात्र मिथेनॉलची आहे. जर्मनीत लॉयना इथं बीएएसएफनं १९२३ मध्ये झिंक आणि क्रोमियमच्या ऑक्साइडवर मिथेनॉल काढायला सुरुवात केली. दाब अडीचशे वातावरणं आणि त्याहून जास्त, तापमान तीनशे ते चारशे अंश. इंग्लंडमध्ये आयसीआयनं १९६६ मध्ये तांबं, झिंक ऑक्साइड आणि ॲल्युमिना यांचं मिश्रण आणलं, आणि दाब शंभराच्या आत, तापमान अडीचशेच्या आसपास उतरलं. आज जगात वर्षाला दहा कोटी टनांहून अधिक मिथेनॉल बनतं, ते बहुतांशी याच घराण्यातल्या उत्प्रेरकांवर. कारखान्यात आत जाणाऱ्या वायूत हायड्रोजन, कार्बन मोनॉक्साइड आणि थोडा कार्बन डायऑक्साइड असतो. मिथेनॉलमधला कार्बन हा मोनॉक्साइडमधून येतो असंच बरीच वर्षं धरलं जाई. कागदावर समीकरण तसंच सोपं दिसतं. सोव्हिएत संशोधकांनी आणि पुढं १९८० च्या दशकात खुद्द आयसीआयच्या रसायनशास्त्रज्ञांनी किरणोत्सारी कार्बनची खूण लावून पाहिलं, आणि उत्तर उलटं निघालं. कार्बन मुख्यतः डायऑक्साइडमधून येतो. मोनॉक्साइड पाण्याशी अभिक्रिया करून डायऑक्साइड पुरवत राहतो. ज्याला आपण मेलेला रेणू समजत होतो तोच इथं काम करत होता.

झिंक ऑक्साइडचं नेमकं काम काय, यावर अजून एकमत नाही. काही म्हणतात तो तांब्याच्या पायऱ्यांवर जस्त पेरतो, काही म्हणतात तांबं आणि ऑक्साइड यांच्या सीमेवरच सगळं घडतं. मी दोन्ही बाजू मांडल्या आहेत. माझं झुकतं माप सीमेकडे आहे, हे वाचकाला त्या प्रकरणात कळेलच, लपवलेलं नाही. इंडियम ऑक्साइडचं प्रकरण त्याच्या लगेच पुढं ठेवलं आहे. तिथं धातूची गरजच पडत नाही. ऑक्सिजनच्या रिकाम्या जागेत रेणू बसतो, हायड्रोजन चढत जातो, मिथेनॉल निघतं आणि जागा पुन्हा रिकामी होते. झुरिचच्या गटानं झिर्कोनियावर बसवलेला असा उत्प्रेरक हजार तास चालवून दाखवला, २०१६ मध्ये. रुटाइलची रिकामी जागा रेणूला जवळजवळ ओळख देत नाही आणि इंडियमची त्याला मिथेनॉल करून पाठवते. दोघींची तुलना करताना ‘रिकामी जागा’ हे शब्द किती ढिसाळ आहेत ते लक्षात येतं.

उन्हाचा उपयोग करून कार्बन डायऑक्साइडपासून इंधन करण्याबद्दल मात्र थोडं कडक लिहावं लागलं आहे. जपानमध्ये फुजिशिमा आणि होंडा यांच्या गटानं १९७९ मध्ये टायटॅनियम डायऑक्साइडसारख्या अर्धवाहकांच्या भुकट्या पाण्यात ठेवून, प्रकाश पाडून, त्यात कार्बन डायऑक्साइड सोडला आणि फॉर्मिक आम्ल, फॉर्माल्डिहाइड, मिथेनॉल असे पदार्थ मिळवले. तेव्हापासून अशा लेखांचा ओघ आटलेला नाही. पण उत्पादन मोजतात ते ग्रॅममागे तासाला मायक्रोमोलमध्ये. एक मायक्रोमोल मिथेन तासाला, असं वर्षभर रात्रंदिवस अखंड चाललं तर एक ग्रॅम उत्प्रेरक ०.१४ ग्रॅम मिथेन देईल. इतक्या सूक्ष्म मापात भुकटी तयार करताना तिच्या अंगाला चिकटलेला कार्बनी मळसुद्धा इंधन म्हणून मोजला जाऊ शकतो. नेदरलँड्समधल्या एका गटानं २०१० मध्ये जड कार्बनचा, म्हणजे १३ अणुभाराचा, कार्बन डायऑक्साइड वापरून तपासलं तेव्हा बाहेर पडलेल्या कार्बन मोनॉक्साइडमध्ये मोठा वाटा साध्या कार्बनचा निघाला. इंधन वायूपासून झालेलं नव्हतं, मळापासून झालं होतं. तेव्हापासून जड कार्बनची चाचणी न करता छापलेला दावा मी या पुस्तकात घेतलेला नाही. काही प्रसिद्ध नावं त्यामुळे गळली आहेत.

शेवटचा मोठा भाग पुन्हा चुन्याकडे येतो, कारण अभियंत्यांनी त्याचा नाद सोडलेला नाही. धुराड्यातला वायू साडेसहाशे अंशांना चुन्याला द्यायचा, मग चुनखडी दुसऱ्या भट्टीत नऊशे अंशांना भाजायची, शुद्ध वायू काढून घ्यायचा, चुना परत पहिल्या भट्टीत. एवढ्या तापमानाला पकडताना बाहेर पडणारी उष्णता वाफ करायला वापरता येते, आणि तिथंच हिशेब जमायची आशा आहे. अडचण दाण्यात आहे. बाहेरचा थर आधी कार्बोनेट होतो, आणि कार्बोनेटला चुन्याच्या दुपटीहून जास्त जागा लागते. दुधावर साय धरावी तसा तो थर दाण्यावर धरतो आणि आतला चुना वायूपासून तुटतो. शिवाय प्रत्येक भाजणीत बारीक दाणे एकमेकांत वितळल्यासारखे मिसळतात, छिद्रं बुजतात. साध्या चुनखडीची क्षमता वीस-तीस फेऱ्यांत पाचव्या हिश्शापर्यंत घसरते. यावरचे उपाय, झिर्कोनियासारखे न विरघळणारे दाणे मध्ये घालणं, वाफेनं पुन्हा फुलवणं, मॅग्नेशियम ऑक्साइडला वितळणाऱ्या नायट्रेटचा लेप देणं, यांचा आढावा त्या भागात आहे.

जिथं पैशाची पर्वा कमी आणि वजनाची जास्त, तिथं ऑक्साइड आधीच कामाला लागलेले आहेत. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाबाहेर चालणाऱ्या अंतराळवीराच्या अमेरिकी पोशाखात त्याचाच उच्छ्वास साठून त्याला गुदमरवेल, म्हणून पाठीवरच्या डब्यात सिल्व्हर ऑक्साइड भरलेला असतो. तो कार्बन डायऑक्साइड घेऊन सिल्व्हर कार्बोनेट होतो. काम संपलं की डबा स्थानकातल्या भट्टीत ठेवून सुमारे दोनशे अंशांना तापवतात आणि तो पुन्हा वापरायला तयार होतो. चुन्याचे नऊशे आणि चांदीचे दोनशे, हा फरक किमतीतही उमटतो, हे सांगायला नको.

पुस्तकात काय नाही तेही सांगायला हवं. अमाइनची द्रावणं, झिओलाइट, धातू आणि सेंद्रिय रेणूंच्या जाळीदार चौकटी यांच्याकडे मी वळलो नाही. त्यांच्यावर वेगळी पुस्तकं हवीत. धातूंच्या उघड्या पृष्ठभागांवरचा कार्बन डायऑक्साइड तुलनेपुरता येतो. विद्युतरासायनिक मार्गही थोडक्यात आटोपला आहे, कारण तिथं ऑक्साइड बहुधा काम सुरू होताच धातूमध्ये बदलतो. वाचक डोळ्यांसमोर आहे तो विज्ञानाच्या पदवीचा विद्यार्थी, महाविद्यालयात शिकवणारा शिक्षक आणि कारखान्यातला रसायन अभियंता. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत उत्प्रेरकांवर कितीतरी दशकं काम होत आलं आहे, आणि मुंबईच्या आयआयटीत कार्बन पकडण्यासाठी आणि वापरण्यासाठी राष्ट्रीय केंद्र उभं राहिलं आहे. तिकडं जाऊ पाहणाऱ्या मुलांना हा विषय मराठीत एकदा सलग वाचायला मिळावा, एवढा हिशेब मनात होता.

तापमानं प्रयोगाच्या प्रकरणांत केल्विनमध्ये आणि कारखान्याच्या प्रकरणांत सेल्सियसमध्ये दिली आहेत. त्या त्या ठिकाणी तीच रीत चालते. तिसऱ्या प्रकरणातलं गणित ज्यांना नको असेल त्यांनी ते खुशाल सोडून द्यावं. पुढं ते लागतं फक्त चुन्याच्या भागात, आणि तिथं गरजेपुरतं पुन्हा मांडलं आहे.